हमीपत्र आणि फाटलेले सील

आमच्या लहानपणी घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूबरोबर एक जाड पुठ्ठ्याचे कार्ड येत असे. रेडिओ असो, भिंतीवरचे घड्याळ असो वा शिवणयंत्र असो, दुकानदार त्या कार्डावर शिक्का मारी, लपेटदार सही करी आणि ‘‘हे जपून ठेवा’’ असे बजावून ते वडिलांच्या हाती देई. वडील ते घरच्या दस्तऐवजांच्या ट्रंकेत ठेवीत. ते पुन्हा बाहेर निघाल्याचे मात्र आम्हांला स्मरत नाही. कारण वस्तू बिघडलीच तर ती मांडवीजवळच्या ओळखीच्या कारागिराकडे जाई. तो ती आमच्या देखत उघडी आणि दुसऱ्या दिवशी चालू करून देई. हमीपत्र ही नुसती जपण्याची नव्हे, तर वाचण्याची आणि वापरण्याची गोष्ट आहे, हे कळायला आम्हांला पन्नाशी ओलांडावी लागली. तेही आमच्या चिरंजिवांच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रामुळे.

या यंत्राला मुले ‘कन्सोल’ म्हणतात. वस्तुतः तो एक संगणकच. फरक इतकाच की तो केवळ खेळ खेळण्यासाठी बनवलेला असतो आणि टीव्हीला जोडावा लागतो. आमची कन्या पुण्यास नोकरी करते. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ती घरी आली, तेव्हा धाकट्या भावाला दहावीत बरे गुण मिळाल्याबद्दल तिने बडोद्याच्याच एका दुकानातून असे एक यंत्र विकत घेऊन दिले. भाऊबिजेला ओवाळणी भावाने घालायची असते. येथे गंगा उलटी वाहिली. किंमत पन्नास हजारांच्या घरात होती. ती ऐकून आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

यंत्र दिवाणखान्यातील शोकेसमध्ये टीव्हीखाली विराजमान झाले. धूळ बसू नये म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. मध्यमवर्गीय घरांतून रेडिओवर, मग टीव्हीवर, मग फ्रिजवर असेच रुमाल पडत आले आहेत. त्यात काही वावगे असेल अशी शंकाही कोणाच्या मनात आली नाही. पुढे बडोद्याचा उन्हाळा आला, पारा बेचाळीसच्या वर गेला, शाळांना सुट्टी लागली आणि यंत्र तासन्‌तास चालू राहू लागले. अधूनमधून त्याच्या आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरे. मग गणपती आले. मखरासाठी जागा हवी म्हणून यंत्राची रवानगी शोकेसच्या खालच्या, दाराच्या कप्प्यात झाली. गौरीजेवणाला जमलेल्या भाचेपुतण्यांनी त्याला क्षणभर विश्रांती दिली नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी खेळ ऐन रंगात आला असताना पडदा काळा झाला. पुन्हा बटण दाबले की दिवा क्षणभर लागे आणि विझे. खरेदीला दहा महिने झाले होते. हमी एक वर्षाची होती.

आम्ही दूरध्वनी केला. तक्रारीचा क्रमांक मिळाला आणि पाच दिवसांनंतरची वेळ मिळाली. ठरल्या दिवशी आम्ही व चिरंजीव यंत्र खोक्यासकट स्कूटरवर घालून अधिकृत सेवाकेंद्रात गेलो. खिडकीवरच्या तरुणाने यंत्र उलटे केले, एका स्क्रूवरील कागदी पट्टीवर बोट ठेवले आणि म्हणाला, ‘‘सर, सील तो तूटेलुं छे. वॉरंटी गई.’’

आयुष्य वर्गात उभे राहण्यात गेले असल्यामुळे आमचा आवाज चढायला वेळ लागत नाही. ‘‘आमच्या घरी हे यंत्र कोणीही उघडलेलं नाही. मी शाळेचा आचार्य आहे, खोटं बोलत नाही,’’ असे आम्ही तेथे जमलेल्या सर्वांदेखत सांगितले. तरुण उर्मट नव्हता. त्याने आमचे म्हणणे ऐकून घेतले, कागदावर ‘सील तुटलेले’ एवढीच नोंद केली आणि यंत्र परत दिले. चिरंजीव शेजारी मान खाली घालून उभे होते. आम्ही त्याचा अर्थ अपमान असा लावला.

परतीच्या वाटेवर सुरसागराजवळ स्कूटर थांबली असता मागून हळू आवाज आला, ‘‘बाबा, मी उघडलं होतं.’’

झाले होते ते असे. मधल्या पाच दिवसांत एका रात्री त्याने मोबाईलवर एक चित्रफीत पाहिली, घरातले डिसमिस घेऊन यंत्राचे झाकण काढले आणि पंख्यावर साचलेली धूळ रंगाच्या कुंचल्याने झाडली. धूळ गेली की यंत्र चालू होईल, अशी त्याची समजूत. ते झाले नाही, म्हणून त्याने ते पूर्ववत बंद करून ठेवले. पट्टी फाटल्याचे त्याच्या लक्षात आले होते. त्याने आईला सांगितलेही होते. आणि आई आम्हांला सांगण्यासाठी योग्य वेळेची वाट पाहत होती.

आम्ही रागावलो नाही असे लिहिले तर आमच्या हातून दुसरे असत्य घडेल. पण राग ओसरल्यावर जे उरले ते अधिक अवघड होते. खोटे मुलगा बोलला नव्हता. खोटे आम्ही बोललो होतो. अजाणता का होईना, पण आपल्या पदाची साक्ष काढून बोललो होतो. ‘सदर विद्यार्थी या शाळेत शिकत आहे’ असे दाखले आम्ही नित्य सही करून देतो आणि केवळ त्या सहीवर लोक ते खरे मानतात. त्याच सहीच्या धन्याने भर दुकानात हे सांगितले होते.

सायंकाळी शेजारचे एक हितचिंतक आले. सर्व हकीकत ऐकून ते म्हणाले, ‘‘आचार्यसाहेब, बोललात ते आता धरून ठेवा. दुकानातूनच सील फाटलेलं आलं म्हणा. सिद्ध कोण करणार?’’ सल्ला व्यवहाराचा होता आणि मुलीच्या कष्टाचे पन्नास हजार डोळ्यांपुढे होते. तो सल्ला आम्ही तत्काळ झिडकारला नाही, हे कबूल केले पाहिजे. रात्र त्याच विचारात गेली. सकाळी चहाच्या वेळी चिरंजीव म्हणाले, ‘‘बाबा, तुम्ही तिथे परत गेलात तर मी येणार नाही.’’

‘‘का बरं?’’

‘‘तुम्ही परत तेच बोलाल म्हणून.’’

त्या दुपारी आम्ही पत्र लिहावयास बसलो.

यंत्राला ताप येतो तेव्हा

पत्र लिहायचे तर विषय समजला पाहिजे. आमचा विषय मराठी. तेव्हा शिकवणी चिरंजिवांकडेच लावली. कन्सोलच्या आत चित्रे रंगवणारी जी मुख्य चिप असते ती काम करताना अतिशय तापते. ती उष्णता बाहेर फेकण्यासाठी धातूच्या पात्या आणि एक पंखा असतो. पंखा एका बाजूने गार हवा ओढतो आणि दुसरीकडून गरम हवा सोडतो. या वाटा बंद झाल्या, मग त्या धुळीने होवोत, बंद कप्प्याने होवोत वा क्रोशाच्या रुमालाने होवोत, की आतले तापमान चढते. धातू तापला की प्रसरण पावतो, निवला की आकुंचन पावतो. यंत्र चालू-बंद करताना हे पुनःपुन्हा घडते आणि आतील बारीक जोडण्या, डाखाचे नाजूक ठिपके, थकून तडकतात. वीजपुरवठ्याच्या भागातील सुटे भागही सततच्या उष्णतेने लवकर म्हातारे होतात.

या दुखण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मायक्रोसॉफ्ट या कंपनीच्या ‘एक्सबॉक्स ३६०’ या यंत्राचे. ते नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. त्याच्या दर्शनी बटणाभोवती चार भागांचे एक प्रकाशवलय होते. यंत्र निकामी झाले की त्यांपैकी तीन भाग तांबडे होऊन लुकलुकू लागत. खेळणाऱ्यांनी त्याला ‘मृत्यूचे तांबडे कडे’ असे नाव ठेवले. त्या काळी लोक यावर एक विलक्षण घरगुती उपाय करीत. बंद पडलेले यंत्र टॉवेलात गुंडाळून चालू ठेवायचे. ते आतून इतके तापे की कधीकधी घटकाभर जिवंत होई आणि मग पुन्हा मरे. आमच्या घरी टॉवेलाचे काम क्रोशाच्या रुमालाने आधीच करून ठेवले होते!

तक्रारींचा पूर आला, तेव्हा ५ जुलै २००७ रोजी कंपनीने जाहीर केले की, या तांबड्या कड्याच्या बिघाडापुरती हमी खरेदीपासून तीन वर्षांपर्यंत वाढवण्यात येत आहे. ज्यांनी आधी पदरचे पैसे देऊन दुरुस्ती करवली होती, त्यांना ते परत देण्याचेही तिने मान्य केले. यासाठी कंपनीने एक अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम बाजूला काढली. विभागाचे तेव्हाचे प्रमुख पीटर मूर यांनी पुढे सांगितले की, खर्चाचा हा आकडा मुख्याधिकारी स्टीव्ह बामर यांच्यापुढे ठेवला असता त्यांनी फारसा काथ्याकूट न करता मंजुरी दिली. २०२१ साली कंपनीने स्वतःच काढलेल्या माहितीपटात या बिघाडाचे कारण उघड सांगितले: पुनःपुन्हा तापण्या-निवण्याने सुट्या भागांच्या आतील जोडण्या तुटत होत्या. एवढी मोठी चूक झाली, पण ती कबूल केल्यामुळे कंपनी बुडाली नाही. उलट तिचे नाव टिकले.

आम्ही पत्रात तारीखवार सर्व लिहिले. यंत्र कधी घेतले, कधी बंद पडले, तक्रार क्रमांक कोणत्या दिवशी मिळाला आणि त्यानंतर मुलाने ते कोणत्या रात्री उघडले. ‘सेवाकेंद्रात आपण यंत्र उघडले नसल्याचे जे सांगितले ते चुकीचे होते; ते मी मागे घेतो’ असे एक वाक्य लिहिताना लेखणी थांबली, पण शेवटी ते लिहिले. चिरंजिवांनी आपले निवेदन वेगळ्या कागदावर लिहून खाली सही केली. त्याच्या आयुष्यातील ती पहिली गंभीर सही असावी.

कंपनीचे उत्तर आठवड्याने आले. भाषा अत्यंत सभ्य होती. आशय एवढाच, की सील फाटले असल्याने हमी लागू होत नाही.

सील कोणासाठी?

खरे बोलल्याचे फळ हेच का, असे मुलाने विचारले नाही. पण त्याच्या डोळ्यांत ते होते. तेव्हा हे सील म्हणजे आहे तरी काय, याचा शोध घेणे भाग पडले.

या बाबतीत अमेरिकेतील एक निर्णय उद्बोधक आहे. तेथे १९७५ साली हमीपत्रांविषयी मॅग्नसन-मॉस नावाचा कायदा झाला. त्याच्या आधारे तेथील फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना ताकीदपत्रे धाडली. त्यांत गेम कन्सोल विकणाऱ्या कंपन्याही होत्या. ‘ही पट्टी काढल्यास हमी रद्द’ किंवा ‘आमचेच सुटे भाग वापरले तरच हमी’ अशा सरसकट अटी ग्राहकावर घालणे सामान्यतः कायद्यास धरून नाही, असे कमिशनने बजावले. अर्थात ग्राहकाने यंत्र उघडून स्वतःच नुकसान केले असेल, तर ते भरून देण्याचे बंधन कंपनीवर नाही. परंतु ‘उघडले’ आणि ‘बिघडवले’ या दोन क्रियापदांत अंतर आहे. व्याकरण शिकवणाऱ्याला ते पटण्यास वेळ लागला नाही.

आपल्या बडोद्याला तर हे अंतर फार पूर्वी कळले होते. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० साली येथे कलाभवन सुरू झाले आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी ते घडवले. विणकाम, रंगकाम, यंत्रकाम यांचे शिक्षण सामान्य घरांतील मुलांना मिळावे, हा त्यामागील हेतू होता. दादासाहेब फाळके यांनी छायाचित्रणाचे धडे येथेच गिरवले. तेच कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. यंत्राचे पोट उघडून आत काय आहे ते पाहणाऱ्या मुलाला ज्या गावाने एकेकाळी शाळा काढून दिली, त्या गावात त्याच मुलाला एका कागदी पट्टीने अपराधी ठरवावे, हे आम्हांला रुचले नाही. मुलाची चूक उघडण्यात नव्हती. न विचारता उघडण्यात आणि वेळीच न सांगण्यात होती. ती त्याने लेखी कबूल केली होती.

कायदा काय सांगतो

ग्राहकाच्या हक्कांसाठी झगडणाऱ्यांत मराठी आणि गुजराती माणसे अग्रभागी होती, ही आपल्यासारख्या दोन भाषांत नांदणाऱ्या घरांना अभिमानाची गोष्ट आहे. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढल्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. आणि अहमदाबादेत १९७८ साली मनुभाई शाह यांनी ग्राहक शिक्षण व संशोधनाचे केंद्र स्थापन केले. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या कायद्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली असून तो २० जुलै २०२० पासून अंमलात आला.

आमच्यापुढे पहिली शंका अशी होती की, बिल कन्येच्या नावे आणि तक्रार आमची; ती चालेल काय? कायदा म्हणतो, चालेल. विकत घेणाऱ्याच्या संमतीने जो वस्तू वापरतो तोही ग्राहकच. दुसरी शंका अंतराची. कंपनीचे मुख्य कार्यालय परगावी असले तरी तक्रारदार राहतो वा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही, वकील द्यावाच लागतो असे नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. परंतु त्याआधीची एक पायरी सोपी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा असून तेथे सतरा भाषांत तक्रार सांगता येते. त्यांत मराठी आहे आणि गुजरातीही. हे न्यायालय नव्हे, त्यामुळे ते कोणास हुकूम देऊ शकत नाही. ते तक्रार कंपनीपुढे मांडते आणि उत्तर मागते. शिवाय २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने यांच्या दुरुस्तीची, सुट्या भागांची आणि हमीची माहिती एके ठिकाणी मिळावी, हा त्याचा हेतू.

आम्ही १९१५ वर दूरध्वनी केला आणि हकीकत मराठीत सांगितली. सील मुलाने उघडले, हेही सांगितले. पत्राची, निवेदनाची आणि बिलाची प्रत जोडली. आमचा मुद्दा एकच होता: बिघाड आधी झाला, त्याची नोंद तुमच्याच तक्रार क्रमांकात आहे; यंत्र त्यानंतर उघडले गेले. तेव्हा उघडण्याने बिघाड झाला असे म्हणायचे असेल तर आधी तपासून पाहा.

येथे ती फाटलेली पट्टी आणि ते लाजिरवाणे वाक्य आमच्या कामी आले. आम्ही हितचिंतकांचा सल्ला ऐकून ‘सील दुकानातूनच फाटलेले आले’ असे धरून बसलो असतो, तर उघडण्याची तारीख सांगण्याची सोयच उरली नसती. आणि आमच्या बाजूचा एकमेव पुरावा आम्हीच गाडून टाकला असता.

तीन आठवड्यांनी यंत्र तपासणीसाठी मागवले गेले. बिघाड वीजपुरवठ्याच्या भागात निघाला, ज्याला मुलाचा हात लागला नव्हता. तो भाग विनामूल्य बदलून मिळाला. आतील साफसफाईचे पैसे मात्र आकारले गेले. ते चिरंजिवांनी आपल्या साठवलेल्या खाऊच्या पैशांतून दिले. पत्रावर ‘अपवाद म्हणून’ असा शेरा होता. आम्ही त्यावर वाद घातला नाही. यंत्र आले ते आतून कोरे होऊन. मुलाने दहा महिन्यांत खेळून जे जे मिळवले होते ते सर्व पुसले गेले होते. साठवलेल्या माहितीची जबाबदारी घेत नाही, असे हमीपत्राच्या बारीक अक्षरांत लिहिलेलेच होते. दोन दिवस तो गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने खेळ पहिल्यापासून सुरू केला.

वाचकांसाठी चार गोष्टी

अनुभवाने जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. छापील बिलाची शाई वर्षभरात उडते. म्हणून खरेदीच्या दिवशीच त्याचे छायाचित्र काढून ठेवावे आणि यंत्राच्या पाठीवरचा अनुक्रमांक वहीत टिपावा. हमीपत्र वस्तू चालू असतानाच वाचावे. बिघडल्यावर ते वाचण्यास मन ताळ्यावर नसते. बिघाड होताच, यंत्राला हात लावण्यापूर्वी, तक्रारीचा क्रमांक घ्यावा आणि प्रत्येक संभाषणाची तारीख लिहून ठेवावी. वस्तू परदेशातील आप्तांनी पाठवलेली असेल तर तिची हमी येथे चालते की नाही, हे त्यांनी ती घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे. पुष्कळदा ती विकल्या गेलेल्या देशापुरतीच असते. खेळांची नोंद दुसरीकडे साठवण्याची सोय असल्यास ती करावी. आणि अशा यंत्राभोवती चारी बाजूंनी मोकळी हवा खेळू द्यावी. आमच्या घरचा क्रोशाचा रुमाल आता हार्मोनियमच्या पेटीवर आहे. तेथे तो शोभतोही अधिक.

दुरुस्त यंत्र आणायला आम्ही दोघे गेलो, तेव्हा खिडकीवर तोच तरुण होता. आम्ही त्याला म्हणालो, ‘‘भाई, त्या दिवशी मी तुला सांगितलं ते बरोबर नव्हतं.’’ तो हसला आणि आमच्या हाती पावती देत म्हणाला, ‘‘साहेब, असं सांगायला परत कोणी येत नाही.’’ चिरंजीव या वेळी मान वर करून उभे होते.

वडिलांची ट्रंक अजून आमच्याकडे आहे. तीत ती जुनी पुठ्ठ्याची कार्डे आहेत. ज्या वस्तूंची ती, त्यांतली एकही आज घरात नाही. त्यांच्यावर आम्ही हे नवे हमीपत्र ठेवले आणि त्याला टाचणीने दोन कागद जोडले: आमचे पत्र आणि मुलाचे सही केलेले निवेदन. हमीपत्राची मुदत त्या दिवाळीलाच संपली. जोडलेल्या दोन कागदांना मुदत घातलेली नाही.